चमच्यांखालची वही

धुळ्याच्या सिव्हिलमध्ये एकोणीस वर्षं
माझ्या बुटांचा आवाज माझ्याआधी पोचायचा.
सहाला दिवे लागायचे, सगळ्यांसाठी एकदमच,
आणि कोणी झोपलेलं असेल
तर तेही आम्ही लिहून ठेवायचो.

इथे दोंडाईच्यात, मिरचीच्या पथारींच्या अलीकडे,
आठ म्हाताऱ्या माणसांचं एक घर आहे.
अंगणात कडुनिंब. दारावर फक्त घराचा नंबर.
पहिल्या दिवशी विचारलं, सिस्टरचं टेबल कुठे?
हिरकणबाई इथे रांधते, न्हाऊ घालते,
घराचं सगळं तीच ठरवते.
म्हणाली, "टेबल एकच शे. जेवानं."

मग माझी वही गेली चमच्यांच्या खणात.
इन्सुलिन दह्याच्या भांड्यामागे.
रक्तदाबाचं यंत्र खुंटीला, पिशवीत,
पिशवीवर कुणाच्या तरी लग्नाची तारीख.

मी कांदा चिरायला बसते.
चिरता चिरता दिसतं,
तोताराम आप्पांचा डावा हात
आज भाकरी मोडायला उशीर करतोय.
रुखमाकाकूंनी तांब्या दोनदा सारला:
लघवीला जळजळतंय, सांगायची लाज.
सोजाबाईंच्या ओल्या पावलाचा ठसा
फरशीवर कालच्यापेक्षा रुंद.
यंत्र मी नंतर लावते,
डोळे कांद्यानं झोंबत असताना.

आप्पा चाळीस वर्षं मार्केट यार्डात मापाडी.
पहाटे तीनला उठतात, लिलाव बुडेल म्हणून.
जुन्या वॉर्डात अशा माणसाला
आम्ही पलंगाचा कठडा चढवायचो, गोळी द्यायचो,
मनगट पट्टीनं बांधायचो.
मीही बांधलंय. गाठ जराशी सैल ठेवून,
स्वतःला मायाळू समजत.

इथे हिरकणनं तीनला दिवा लावला,
तराजू मांडला, बटाट्याचं पोतं पुढे ओढलं.
मी शाल घेऊन शेजारी बसले.
पंधरा किलो. परत पंधरा किलो. परत.
पाचला आप्पा भिंतीला टेकून झोपले,
मुठीत एक बटाटा.
वहीत काय लिहावं कळेना.
लिहिलं: माल भरला.

सगळंच असं जमत नाही.
बिबडे वाळत घालायला सोजाबाई गच्चीवर निघाल्या
आणि सहाव्या पायरीवर घसरल्या.
मनगट मोडलं. नाशिकहून मुलाचा फोन:
तुम्ही नर्स आहात की पाहुण्या?
मला उत्तर आलं नाही.
रात्री त्याच पायरीवर बसून राहिले,
खाली कुणीतरी घोरत होतं,
कुणाचं घोरणं ते मला ओळखू येत होतं.
सकाळी प्लास्टरचा हात पुढे करून सोजाबाई:
"जिना बंद नको करू व माय. कठडा लावी दे."

कठडा. तोच शब्द.
सुताराला बोलावलं.

पौषात रुखमाकाकू गेल्या.
मागचं दार कुठे, असं माझ्या तोंडून निघून गेलं,
एकोणीस वर्षं मी माणसं मागच्या दारानं पाठवली.
या घराला मागचं दार नाही.
काकू समोरून निघाल्या,
सगळे उठून उभे राहिले, आप्पासुद्धा, भिंत धरून.
कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या,
डाळ करपली,
आम्ही तीच जेवलो.

आज आप्पांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला.
"भाव काय निंघना व?"
एकशे बेचाळीस, नव्वद.
"कालनापेक्षा?"
उतरला, आप्पा.
"मंग आज इकू नको. थांब."
मी बाही सोडत होते
तर माझ्या तोंडाकडे बारीक बघत म्हणाले,
काट्यावर ठेवल्यासारखं बघत,
"तू जेवनी का?"
नाही, म्हटलं.
खण उघडला, वही बाजूला सारली,
चमचा घेतला.